उघड्या डोळ्यांचा फोटो

जुलै निम्मा सरला की आमच्या गावात माणसं एकमेकांना जेवलास का म्हणून विचारत नाहीत, पाणी कुठवर आलं म्हणून विचारतात. पंचगंगा गावाला तीन बाजूंनी धरून वाहते. एरवी पावण्यांना कौतुकानं सांगायची ही गोष्ट, पावसाळ्यात तिचं कौतुक आटतं. मोबाइलवर दर तासाला बंधाऱ्यावरच्या पाण्याची फुटं येतात. कुणीतरी पुलाचा व्हिडिओ टाकतं, दुसरा कुणी तो मागच्या सालचा आहे म्हणून भांडतो, आणि घराघरांतून सामान माळ्यावर चढायला लागतं. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायला आहे, त्याला तीस वर्षं होत आली. या दिवसांत कामावर असलो की माझं चित्त घराकडं आणि घरी असलो की नदीकडं. बायको म्हणते, "एक तर गप बसा, न्हायतर नदीवरच जाऊन थांबा. उगंच माझ्या पायात येऊ नका."

यंदा या येरझाऱ्यांत आणखी एक भर पडली. सुकुमारच्या आईनं मला बोलावून घेतलं.

सुकुमार माझा शाळेतला दोस्त. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. नाव सुकुमार आणि अंग असं, की कबड्डीत चढाईला आलेल्या पोराला त्यानं नुसतं कवेत घेतलं तरी त्याचा दम तिथंच तुटायचा. जैनाचं शेतकरी घर, दावणीला चार म्हशी, त्यांचं दूध पिऊन वाढलेला. त्याच्या आईला घरातले दीर आक्का म्हणायचे, म्हणून तिची पोरंही आक्काच म्हणायला लागली आणि मग सगळी गल्ली. दहावीचा निकाल लागला, त्याच पावसाळ्यात सुकुमारला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. सोळा वर्षांचा होता. हे मी एका ओळीत लिहिलं खरं, पण मनात ते अजून एका ओळीत बसत नाही.

आक्का आता ऐंशीच्या पुढं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कानानं ठीक, जिभेनं तर चांगलीच ठीक. काही वर्षांमागं आलेल्या मोठ्या महापुरात त्यांचं घर आढ्यापर्यंत पाण्यात होतं. जनावरं सोडवली, कागदपत्रं पिशवीत घातली, भिंतीवरचे फोटो मात्र भिंतीवरच राहिले. पाणी ओसरल्यावर जाऊन बघितलं तर फ्रेमा जागच्या जागी आणि काचेआड गाळ. त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नातल्या फोटोवरून मोठा करून घेतलेला सुकुमार त्यातच होता. धुवायला घेतला तर कागद पांढरा निघाला. लग्नाचा अल्बम पेटीत होता, तो विटेसारखा घट्ट झालेला. पावण्यांच्यात विचारलं, तर पावण्यांची घरंही नदीकाठचीच.

आता नातवानं गावाच्या वरच्या अंगाला नवीन घर बांधलंय आणि श्रावणात वास्तू आहे. आक्काचे मालक, म्हणजे आण्णा, यांचा फोटो सोसायटीच्या कचेरीत मिळाला. त्याच्या शेजारची जागा आक्कानं मोकळी ठेवायला सांगितलीय.

"संभा, तुम्ही शाळंत समद्यांनी मिळून फोटो काढलता न्हवं?"

"काढलता की आक्का, धावीला."

"त्यात सुकुमार असंल."

"असंल म्हंजे? माझ्या शेजारीच हुबा हाय."

"मग त्यो बघ रं. मोठा करून लावतो भितीवर. आन् हे बघ, उघड्या डोळ्यांचा पायजे. मिटल्या डोळ्यांचा हाय माझ्याजवळ."

मला वाटलं, दुसरा एखादा फोटो सापडला असेल तिला. बघतो म्हणून उठलो. गाडीला किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत आलो आणि मग डोक्यात उजेड पडला. आक्काजवळ कुठलाच फोटो नव्हता. ती शेवटच्या दिवसाबद्दल बोलत होती. मी गाडी बंद केली आणि पावसात तसाच उभा राहिलो. डेअरीवाला विचारून गेला, "पेट्रोल संपलं व्हय?" मी हो म्हटलं.

आमची फोटोंची पेटी पत्र्याची आहे, लग्नात बायकोबरोबर आलेली. दरवर्षी ती माळ्यावर जाते आणि दरवर्षी चढवण्याआधी मी ती उघडतो. पाच मिनिटांचं काम असतं आणि दुपार जाते. यंदा वरवरचे फोटो बाजूला टाकत मी थेट तळाशी गेलो. बारशाचे, लग्नाचे, कामगार मेळाव्याचे, सगळे उलथून टाकले. खाली खाकी लखोट्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला दहावीचा फोटो मिळाला. मागच्या रांगेत डावीकडून चौथा मी. डावीकडून पाचवा सुकुमार. आणि सुकुमारच्या डोक्याच्या जागी एक गोल भोक.

फौंड्रीत आमचा धंदा पोकळीचाच असतो. वाळूच्या साच्यातली पोकळी बघून आम्ही सांगतो, ही कुठल्या पंपाची बॉडी आणि हे कुठलं चाक. पोकळी बघितली की वस्तू दिसते, इतकी सवय झालीय डोळ्यांना. त्या भोकाकडं मी किती वेळ बघत बसलो, पण आत काही दिसेना. नुसती खालच्या चादरीची फुलं दिसत होती. ते भोक कुणी पाडलं हे मात्र लगेच आठवलं. मीच पाडलं होतं, अर्ध्या ब्लेडनं.

मग तो सगळा हंगामच अंगावर आला. दहावीचं वर्ष, जानेवारीचे दिवस. साखर कारखान्याचं गाळप भरात, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या एकामागं एक. शाळेला जाताना मागून ऊस ओढायचा आणि गाडीवान चाबूक काढेपर्यंत पांदीत घुसायचं, ही आमची प्रार्थनेच्या आधीची प्रार्थना. सुकुमार कधी एक ऊस ओढायचा नाही, अख्खी मोळीच ढिली करायचा. शाळेच्या मागंच गुऱ्हाळ होतं. दुपारच्या तासाला उकळत्या रसाचा वास खिडकीतनं आत यायचा आणि भूमितीचे सर फळ्याकडं तोंड करून नाक वर करायचे. घरातले म्हणायचे अभ्यास कर. अभ्यास म्हणजे काय, तर पुस्तक उघडं ठेवून काकवीची वाटी चाटणं. परीक्षा जवळ आलीय हे अंगाला कळत होतं, डोक्याला कळत नव्हतं.

फोटोच्या दिवशी शेजारच्या उसाच्या फडात पाचट पेटवलं होतं. काळी काजळी भिरभिरत अंगणात येत होती आणि आमच्या धुतलेल्या पांढऱ्या शर्टांवर बसत होती. झटकली तर रेघ उमटायची, म्हणून सर ओरडत होते, "झटकू नका रे, फुंका!" चाळीस पोरंपोरी एकमेकांच्या खांद्यांवर फुंकताहेत असं ते दृश्य होतं. पुढं खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध हेडमास्तर. कोल्हापुरातनं फोटोग्राफर आला होता, तिकाटण्यावरचा कॅमेरा घेऊन. दहा वर्षांच्या शाळेत आमच्या वाट्याला आलेला हा एकच फोटो. माझ्या फोनमध्ये आज आमच्या मांजराचेच त्याहून जास्त आहेत.

आणि पंधरा दिवसांत गडहिंग्लजला शाळांच्या कबड्डीचे सामने लागले. दहावीच्या पोरांना पाठवू नका असं हेडमास्तर म्हणत होते, पण सुकुमारशिवाय आमचा संघ म्हणजे दूध नसलेला चहा. निघायच्या आदल्या दिवशी पी.टी.च्या सरांना कळलं की ओळखपत्रावर फोटो लागतो. बाकीच्यांचे कसेबसे जमले, सुकुमारचा नव्हता. स्टुडिओत काढून मिळायला आठवडा जाणार. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातनं निघालं, की वर्गाच्या फोटोतनं डोकं कापा. सुकुमारच्या घरी तो फोटो घेतलेला नव्हता. का नव्हता, ते मला पेटीपाशी बसून आठवेना. मी म्हटलं, माझा कापा. पुठ्ठ्यासकट गोल कापला, पाण्यात भिजवून कागद सोडवला आणि खळीनं ओळखपत्रावर चिकटवला. चौकोनात ते तोंड वाटाण्यागत दिसत होतं. वर शाळेचा शिक्का बसला. ते ओळखपत्र पुढं शाळेच्या कपाटात गेलं आणि ते कपाट महापुरात गेलं.

फोटो कापताना मला काही वाटलं नव्हतं, हे लिहायला हवं. उलट मोठेपणा वाटला होता. दोस्तासाठी आपला फोटो दिला म्हणून मी आठवडाभर त्याच्या डब्यातली भाकरी हक्कानं खाल्ली. आज त्याच भोकातनं माझा जीव वर-खाली होत होता. आक्काला जाऊन काय सांगू? फोटो आहे, सगळे आहेत, हेडमास्तरांच्या कोटाची बटणंसुद्धा आहेत, फक्त तुझा तेवढा मी कापून टाकलाय?

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. त्यावर एरवी शुभ सकाळ आणि गुडघेदुखीचे उपाय येतात. मी विचारलं, कुणाकडं दहावीचा फोटो आहे का. पहिल्या तासात बारा जणांनी हात जोडले, तिघांनी जुने दिवस आठवून रडणारी तोंडं टाकली, फोटो कुणी टाकेना. एकाचा वाळवीनं खाल्ला, चौघांचे पाण्यात गेले, एकाच्या बायकोनं फ्रेम रिकामी हवी म्हणून काढून कुठंतरी ठेवला. दोन दिवस मी फोन हातातनं खाली ठेवला नाही. पॅटर्नचं माप चुकलं, सुपरवायझर पोरगं म्हणालं, "काका, तब्येत बरी हाय न्हवं?" तिसऱ्या दिवशी सुरेखाकडून फोटो आला. ती आमच्याच वर्गातली, तिचे वडील, दादा, शाळेत शिपाई होते, सासर मलकापूरला.

मी फोटो बोटांनी मोठा केला. मागची रांग, पाचवा. सुकुमार होता, पूर्ण होता, शर्टाचं वरचं बटण लावलेला. आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

तेव्हा बाकीचं आठवलं. कापलेलं डोकं ओळखपत्रावर लावल्यावर पी.टी.चे सर म्हणाले होते, "अरे, ह्याचे डोळे मिटल्यात की. संभा, तुझी चित्रकला बरी हाय, उघड जरा." आणि मी बॉलपेननं दोन टिपके दिले होते. गडहिंग्लजला टेबलावरचा माणूस ओळखपत्र डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "डोळे हायत का मुंग्या बसल्यात?" आम्ही हसून हसून लोळलो होतो. परत येताना एसटीच्या मागच्या बाकावर सुकुमार मला "ये डोळ्यांच्या डॉक्टर" म्हणून हाका मारत होता. सामना आम्ही हरलो होतो, तरी निम्म्या वाटेपर्यंत कुणाला त्याचं काही नव्हतं. हे सगळं मी विसरलो होतो. माणूस सोयीनं विसरतो म्हणतात. माझी यात काय सोय होती ते मला कळत नाही.

खरं म्हणजे तिथं थांबायला हवं होतं. एकाच निगेटिव्हचे सगळे फोटो, एकात डोळे मिटलेले तर सगळ्यांत मिटलेले, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण मन थाऱ्यावर नसलं की माणूस काहीही धरून बसतो. फोनवर नीट दिसत नसेल, कागदावर बारीक फट तरी दिसेल, असं म्हणत मी रविवारी रेनकोट चढवला आणि मलकापूर गाठलं. रस्ताभर पाऊस. बायको जाताना म्हणाली होती, "नदी हिकडं चढालीय आन् तुम्ही तिकडं कुठं?" मी तोवर किक मारली होती.

सुरेखानं फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. मी तो खिडकीशी नेला, चष्मा लावून बघितला, काढून बघितला. डोळे मिटलेलेच.

"पाचटाची काजळी गेली असंल डोळ्यात," मी म्हटलं.

"दोन काढलते की रं," सुरेखा चहा ठेवता ठेवता म्हणाली. "तुला ठावं न्हाय? दोन्ही शाळंत आलते बघायला. दादांनीच हेडसरांच्या टेबलावर नेऊन दिलते, मी बघितल्यात. पैल्यात सगळ्यांचं डोळं उघडं, एकट्या हेडसरांचं मिटल्यालं. मग त्यो ठेवत्यात व्हय? ह्योच पास केला."

म्हणजे उघड्या डोळ्यांचा सुकुमार होता. कॅमेऱ्यानं तो एकदा धरला होता. हेडमास्तरांच्या पापण्या लवल्या म्हणून तो बाजूला पडला. मला त्या गेलेल्या माणसाचा राग आला आणि रागाचा राग आला, कारण त्या बिचाऱ्याला काय माहीत. सुरेखानं फोटो मला दिला. म्हणाली, "आक्काला दे. माझ्याकडं कोण बघतंय त्याच्याकडं?"

परतताना घरी न जाता कोल्हापुरात त्या फोटोग्राफरचं दुकान शोधलं. दुकान आहे, पण आता त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं आणि काचा विकतो. भला माणूस. मी भिजलेला बघून त्यानं स्टूल पुढं केलं. निगेटिव्हचं नाव काढल्यावर हळहळला. "पोती भरून होत्या हो काका. वडील गेल्यावर माळा रिकामा केला. चांदी काढणारे येऊन घेऊन गेले."

निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती काढून घेतात. आणि आमच्याकडं चांदी म्हटलं की ती फिरून हुपरीला जाते आणि तिची पैंजणं होतात. सुकुमारचे उघडे डोळे कुठल्यातरी पोरीच्या पायात वाजत असतील, हे तिथं स्टुलावर बसून मला सुचलं आणि मी इतक्या मोठ्यानं हसलो की दुकानातली गिऱ्हाइकं वळली. हसू थांबेना. मग ते हसू राहिलं नाही. दुकानदारानं पाणी दिलं.

घरी माझी मुलगी होती. ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते, पुराच्या काळजीनं चार दिवस आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि फोटोवर फोन धरला. "पप्पा, एवढंच ना? एआय करतंय की. डोळे उघडून देतंय." मी नको म्हणेपर्यंत झालं होतं. सुकुमार माझ्याकडं बघत होता. कातडी गुळगुळीत, केस चापून बसलेले, डोळे पाणीदार, टपोरे. इतक्या वर्षांनी तो बघतोय म्हणून मला भरून आलं. थोड्या वेळानं पुन्हा बघितला तर तो बघत होता, पण मला ओळखत नव्हता. सुकुमारचे डोळे बारीक होते का मोठे, हे मला आठवेना. दहा वर्षं एका बाकावर काढली आणि दोस्ताच्या डोळ्यांचं माप सांगता येईना. माझं पोटपाणी मापांवर चाललंय.

मुलगी म्हणाली, "आजींना कुठं कळणार हाय? त्यांना बरं वाटलं म्हणजे झालं." तिचं चुकत नव्हतं. बरं वाटावं म्हणूनच तर आपण सगळं करतो. पण मला आत कुठंतरी टोचत राहिलं. त्या भिंतीसमोर आक्का रोज बसणार. पहाटे उठून त्याच्याकडं बघणार, सणाला त्याला हार घालणार. एक परका पोरगा तिच्याकडून हे सगळं करून घेणार आणि ही गोष्ट मला एकट्याला माहीत असणार. चार दिवस मी त्यांच्या गल्लीला वळसा घालून जात राहिलो. एका पिशवीत दोन फोटो, सुरेखाचा आणि मुलीनं छापून आणलेला, आणि पिशवी डिकीत.

शेवटी आक्काच्या सुनेचा फोन आला. पाणी खालच्या गल्लीच्या तोंडाशी आलंय, उद्या जनावरं हलवायची, आक्काला आजच लेकीकडं पोचवायचं, त्याआधी येऊन जा म्हणाली. दुपारी गेलो. सोप्यात बोचकी बांधलेली. आक्का पलंगावर बसून सगळ्यांना कामं सांगत होती. मला बघून म्हणाली, "आला व्हय फोटोवाला? मला वाटलं, पाणी बघून पळून गेला."

भित्र्या माणसानं करावं तेच मी केलं. मुलीनं केलेला फोटो पुढं केला. आक्कानं तो लांब धरला, जवळ आणला, पदरानं चष्मा पुसून पुन्हा धरला.

"लई देखणा हाय," ती म्हणाली. "कुणाचा रं?"

"आक्का, सुकुमार हाय की."

तिनं पुन्हा बघितलं. माझं मन राखायला म्हणून बघितलं, ते मला कळलं. "न्हवं बाबा," ती म्हणाली. "ह्यो कुणातरी मोठ्या घरचा दिसतोय. ज्याचा हाय त्याला दिऊन ये."

मग मी सगळं सांगितलं. ब्लेड, बॉलपेनचे टिपके, हेडमास्तरांच्या पापण्या, पोत्यातनं गेलेल्या निगेटिव्ह आणि कॉम्प्युटर. मान वर न करता सांगितलं. संपल्यावर आक्का म्हणाली, "आण्णा बोललते एकदा. पोरानं शाळंतनं फोटो आणला, आन् डोळं मिटल्याला फोटो घरात कशाला म्हणून ह्यांनी परत लावून दिला. मला दावलाबी न्हाय." आणि हात पुढं केला. "आण त्यो."

"आक्का, डोळं मिटल्यात त्यात."

"आण म्हंतो न्हवं!"

मी सुरेखाचा फोटो तिच्या हातात दिला. बोट ठेवून दाखवायला गेलो, तिनं माझा हात बाजूला सारला. तिचं बोट मागच्या रांगेवर फिरलं आणि न चुकता थांबलं. उघड्या डोळ्यांचा पायजे असं तिनंच सांगितलं होतं. मला तिथं बसवेना. मी उगाच बोलायला लागलो, की त्या दिवशी पाचट जाळलं होतं, काजळी उडत होती, ती डोळ्यात गेली असेल. "गप," आक्का म्हणाली. आणि तिचे खांदे हलायला लागले. मी सुनेला हाक मारायला निम्मा उठलो.

आक्का हसत होती.

"आरं, हसाय लागलाय त्यो!" ती म्हणाली. "दाबून धरलंय बघ. गाल कसं फुगल्यात. हसू दाबलं की त्याचं डोळं असंच मिटायचं. बस्तीत देवाम्होरं मुनिम्हाराज बोलायला लागलं की ह्येचं असंच, आन् मी मांडीला चिमटा काढायचो." तिनं फोटोवरच चिमटा काढल्यासारखी बोटं आवळली. "मिटल्यात कुठं डोळं? हसाय लागलाय त्यो."

मी वाकून बघितलं. आठवडाभर तो फोटो माझ्याजवळ होता. मी त्यातले डोळे बघितले होते, तोंड बघितलं नव्हतं. खरंच, ओठ आत ओढलेले, हनुवटीला खळगा पडलेला. आता अजून क्षणभरात फुटणार असा सुकुमार.

आक्काचं बोट बाजूला सरकलं. "आन् ह्यो तू. मान सरळ आन् तोंड वाकडं. त्याच्या कानात काय सांगालायस रं?"

तो मीच होतो. हेडमास्तरांना दिसू नये म्हणून मान पुढं ठेवलेली, ओठ तेवढे सुकुमारच्या बाजूला ओढलेले. मी काहीतरी सांगत होतो. मी सांगितलं म्हणून तो हसला, आणि हसला म्हणून त्याचे डोळे मिटले.

"काय सांगितलंतास?"

मी आठवायला लागलो. सरांच्या कोटावर बसलेली काजळी असेल, फोटोग्राफरच्या विजारीचं काहीतरी असेल. काहीच पक्कं लागेना. ब्लेडचा आवाज आठवत होता, खळीचा वास आठवत होता, आणि ते एक वाक्य, जे ऐकून तो शेवटचा फोटोत हसला, ते कुठंच नव्हतं.

"आठवंना, आक्का."

सून आत आली, गाडी आलीय म्हणाली. आक्कानं तिला हातानंच थांबवलं. फोटो मांडीवर ठेवला, पाय वर घेऊन मांडी घातली आणि चष्म्यातनं माझ्याकडं बघत राहिली.

"आठव सावकाश," ती म्हणाली. "त्ये ऐकल्याबिगार मी हितनं उठत न्हाय."